नारिंगी रंकाळा: निसर्गचित्रातील रंग, ब्रशकाम आणि भाव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आपण मैत्रिणीसोबत एक प्रदर्शन पाहिले. तिथे रंकाळा तलावाचे एक मोठे तैलचित्र होते. त्यात तलावाचे पाणी झगझगीत नारिंगी, आकाश पिवळसर हिरवे आणि तलावातला जुना दगडी संध्यामठ गडद निळ्या-जांभळ्या रंगात होता. रंगाचे थर जागोजागी इतके जाड होते की त्यांची सावली कॅनव्हासवर पडत होती. मैत्रिणीला त्या चित्रात राग दिसला आणि आपल्याला हुरहुर जाणवली. चित्राखाली 'रंकाळा' एवढेच नाव असल्यामुळे निवाडा करायला काही आधार मिळाला नाही. दोघींपैकी कोणाचे बरोबर, रंग आणि ब्रशकाम यांवरून चित्राचा भाव ठरवण्याची काही रीत आहे का आणि असल्या बाबतीत चित्रकारालाच विचारावे का, असे आपण विचारले आहे.

ते चित्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे, तेव्हा त्याच्याच आधाराने उत्तर देतो. रीत आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येते: भावाचे नाव घेण्यापूर्वी तो भाव चित्राच्या नेमक्या कोणत्या जागेतून आपल्यापर्यंत येतो, तिथे बोट ठेवता आले पाहिजे. बोट ठेवता आले नाही, तर जे वाटले ते खोटे ठरते असे नाही. परंतु ते चित्राने दिले की आपण घरून येताना सोबत आणले, हे तोपर्यंत ठरलेले नसते. भावप्रधान निसर्गचित्र पाहताना होणारे बहुतेक वाद याच ठिकाणी अडतात, कारण दोन्ही बाजू भावाविषयी बोलत राहतात आणि कॅनव्हासकडे कोणीच परत वळून पाहत नाही.

प्रथम रंगाचा कोश बाजूला ठेवावा लागतो. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे आनंद, अशी यादी शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते आणि 'नारिंगी पाणी, म्हणजे आग, म्हणजे संताप' हा निष्कर्ष तिथूनच निघतो. ही यादी किती तकलादू आहे, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. चैत्र यात्रेत जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. इथल्या चित्रकाराने गुलाबी डोंगर रंगवला, तर आपल्या मनात आधी सासनकाठी आणि 'चांगभलं'चा गजर उभा राहतो. तोच गुलाबी डोंगर ज्याने कधी जोतिबा पाहिलेला नाही, त्याला कोवळा आणि हळवा वाटू शकतो. रंगाला अर्थ असतो, पण त्यातला बराचसा भाग पाहणाऱ्याच्या गावचा असतो. म्हणून रंगाला अर्थ चिकटवण्याआधी त्याच्या शेजारी काय आहे, ते पाहायचे.

शेजाराचा हा मुद्दा केवळ आवडीनिवडीचा नाही. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा रंगात काहीही खोट निघाली नाही. काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगामुळे ते फिके दिसत होते. या निरीक्षणातून त्याने रंगांच्या परस्परविरोधाचे नियम मांडले, ते १८३९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या पिढीतील चित्रकारांनी ते अभ्यासले. नारिंगीशेजारी निळा ठेवला की दोघेही पेटतात आणि तोच नारिंगी तपकिरीशेजारी ठेवला की शांत होतो, हा रोजच्या कामातला अनुभव आहे. त्यामुळे 'हा नारिंगी काय सांगतो' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या निळ्याजवळ, या हिरव्याखाली, एवढ्या जागेत पसरलेला हा नारिंगी काय करतो' असे विचारावे लागते.

ज्या गावात जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे रुजले, तिथे हे संगीताच्या भाषेत सांगितले तर लवकर पटेल. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. तरी गांधारावर भर देणारा भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि धैवतावर भर देणारा देशकार सकाळचा. स्वरांची यादी वाचून राग ओळखता येत नाही; कुठे थांबले, कुठून उचलले, कशाला बळ दिले, यावरून तो कळतो. रंगांच्या बाबतीतही प्रमाण, जागा आणि जोर यांवरून भाव ठरतो.

आता चित्राकडे वळू. आकाशापासून सुरुवात करतो, कारण पिवळसर हिरवे आकाश पाहून 'हे तर चित्रकाराच्या कल्पनेतले' असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हिवाळ्यातल्या निरभ्र संध्याकाळी, सूर्य मावळल्यानंतर थोड्या वेळाने, रंकाळ्याच्या चौपाटीवरून पलीकडच्या काठाकडे पाहिले, तर क्षितिजालगतच्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातून वरच्या निळ्याकडे जाताना मध्ये एक फिकट हिरवट पट्टा दिसतो. तो फार वेळ टिकत नाही. आपल्या चित्रकाराने तो पाहिलेला आहे आणि मग त्याला सगळे आकाश देऊन टाकले आहे. म्हणजे इथे त्याने निरीक्षण सोडलेले नाही. निसर्गात क्षणभर आणि अरुंद असणारी गोष्ट त्याने मोठी आणि स्थिर केली आहे. भावप्रधान चित्रात फार वेळा असेच घडते. चित्रकार शून्यातून रंग आणत नाही, तो प्रमाण बदलतो. म्हणून आपल्याला त्या जागेचे निरीक्षण असेल, तर चित्रकाराने काय बदलले हे दिसते, आणि जे बदलले त्यातच त्याचा हेतू शोधायचा असतो. रंकाळ्यावर रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला हे चित्र मुंबईच्या समीक्षकापेक्षा अधिक खोलवर कळू शकते, असे मला मनापासून वाटते.

पाण्याच्या बाबतीत हा बदल आणखी स्पष्ट आहे. तळ्याच्या काठावर उभे राहिल्यावर दूरचे पाणी आपल्याला अगदी तिरप्या कोनातून दिसते, त्यामुळे त्यात आकाश चांगले परावर्तित होते. पायाजवळचे पाणी आपण वरून पाहतो; तिथे परावर्तन कमी होते, नजर पाण्याच्या आत जाते आणि पाणी गडद, हिरवट, गढूळ दिसते. सूर्यास्ताचे सोने म्हणूनच दूरवर पसरलेले असते आणि काठाशी येईपर्यंत विझलेले असते. या चित्रात नेमके उलटे केले आहे. पलीकडच्या काठाशी नारिंगी थोडा फिका आणि राखाडी मिसळलेला आहे, आणि तो जसजसा आपल्याकडे येतो तसतसा शुद्ध होत जातो. अगदी खालच्या कडेला तर तो ट्यूबमधून काढून तसाच लावल्यासारखा आहे. शिवाय वरचे आकाश हिरवे असताना खालचे पाणी नारिंगी असण्याला निसर्गात काही कारणच नाही. या पाण्यात वरचा उजेड पडलेला नाही, ते स्वतःच उजळलेले आहे. चित्रातला सगळ्यात मोठा भावनिक निर्णय माझ्या मते हाच आहे. दिवस वरून जवळजवळ संपला आहे आणि खाली तो अजून साठून राहिला आहे.

यानंतर मी एक साधी परीक्षा केली, ती आपणही करून पाहावी. मोबाइलमध्ये चित्राचा फोटो घेऊन त्यातले रंग काढून टाकले आणि तो कृष्णधवल केला. रंग गेले की केवळ उजेड-काळोखाचे प्रमाण, म्हणजे ज्याला आम्ही टोन म्हणतो ते उरते. डोळे अर्धे मिटून पाहिल्यानेही हे साधते आणि जुने शिक्षक विद्यार्थ्यांकडून तेच करून घेत. या चित्राचा कृष्णधवल फोटो पाहिला, तर पलीकडच्या काठाची रेषा जवळजवळ नाहीशी होते. रंगात ठळक वेगळे वाटणारे हिरवे आकाश आणि नारिंगी पाणी यांचा टोन तिथे जवळपास एकच आहे. आपल्या दृष्टिव्यवस्थेचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल ठरवतो, तो रंगापेक्षा उजेडाच्या फरकावर अवलंबून असतो. टोन एकच असला की त्याला सीमा पक्की सापडत नाही, रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र ती स्पष्ट दिसते, आणि या दोन निकालांच्या ओढाताणीत ती रेषा थरथरल्यासारखी भासते. क्लॉद मोनेच्या १८७२ सालच्या प्रसिद्ध सूर्योदयाच्या चित्रातला नारिंगी सूर्य असाच आहे. त्या चित्राचा कृष्णधवल फोटो पाहिला, तर सूर्य भोवतालच्या राखाडीत विरून जातो, आणि म्हणूनच रंगीत चित्रात तो स्पंदन पावल्यासारखा वाटतो. आपल्याला जी हुरहुर जाणवली, तिचे पहिले मूळ मी या थरथरत्या काठात शोधतो. दूरचा आधार डोळ्यांना मिळत नाही आणि तो का मिळत नाही हेही चटकन उमगत नाही.

कृष्णधवल फोटोत एकच गोष्ट ठामपणे उरते, ती म्हणजे संध्यामठ. सगळ्या चित्रात खराखुरा गडदपणा तेवढाच आहे. आणि इथून ब्रशकामाचा विषय सुरू होतो, कारण मठ ब्रशने रंगवलेलाच नाही.

रंग कशाने लावला आहे हे ओळखायला थोडा सराव लागतो, पण अवघड नाही. डुकराच्या राठ केसांच्या ब्रशने जाड रंग लावला की त्यात केसांच्या बारीक समांतर चऱ्या उमटतात. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या लवचीक पात्याने, लावलेला रंग लोण्यासारखा गुळगुळीत बसतो आणि जिथे नाइफ उचलली तिथे रंगाची धारदार कड उभी राहते. खालचा रंग ओला असताना वरून ब्रश फिरवला की खालचा रंग फटकाऱ्यासोबत ओढला जातो आणि दोन्ही अर्धवट मिसळतात. खालचा थर वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने घासले, तर रंग केवळ कापडाच्या उंचवट्यांवर बसतो आणि मधून खालचा रंग डोकावतो. चित्राच्या समोर उभे राहून हे फारसे दिसत नाही. दालनातले दिवे वरून असतात, तेव्हा चित्राच्या एका बाजूला भिंतीजवळ जाऊन तिरपे पाहावे. सगळा पृष्ठभाग शेताच्या सऱ्यांसारखा उघडा पडतो.

अशा तिरप्या नजरेने पाहिल्यावर या चित्रात हाताच्या तीन वेगळ्या चाली सापडतात. आकाशात चपट्या ब्रशचे आखूड, तिरके फटकारे आहेत, सगळे उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारे. पाण्यात रुंद ब्रशचे लांब, आडवे फटकारे आहेत. प्रत्येकाची सुरुवात रंगाने भरलेली आणि शेवट कोरडा, विरळ होत गेलेला. मठावर नाइफने ओढलेले उभे पट्टे आहेत, आणि प्रत्येक पट्ट्याची कड तासलेल्या दगडासारखी टोकदार आहे. आकाश खाली उतरते, पाणी आडवे पसरते, आणि मठ त्या दोघांच्या विरोधात उभा राहतो. चित्रातले नाट्य या तीन दिशांमध्ये आहे आणि ते रंग न पाहताही कळते.

आपल्या मैत्रिणीला राग का दिसला, याचे उत्तर इथे मिळते. नाइफच्या त्या धारदार कडा आणि त्यांच्याभोवतीचा भडक नारिंगी एकत्र पाहिला की आघाताची जाणीव होते, आणि तिने तिथे बोट ठेवले असते तर तिचे म्हणणे निराधार ठरले नसते. पण रागाचे चित्र म्हणायचे, तर ती चाल चित्रभर पसरलेली असायला हवी होती. फटकारे एकमेकांवर आदळायला हवे होते, कडा सर्वत्र तुटक असायला हव्या होत्या, उजेड-काळोखाचा विरोध जागोजागी उसळायला हवा होता. इथे कॅनव्हासचा निम्म्याहून अधिक भाग ज्या पाण्याने व्यापला आहे, तिथले फटकारे सावकाश आणि सारख्या दाबाने ओढलेले आहेत. रंग संपेपर्यंत ब्रश पुढे नेला आहे, मग नव्याने रंग भरून शेजारचा फटकारा घेतला आहे. ही कामाची गती रागाची नाही.

आता ती एक जागा सांगतो जिच्यामुळे माझे मत पक्के झाले. मठाच्या डाव्या कडेला, साधारण मध्यावर, अगदी जवळून पाहावे. साधारणपणे चित्रकार आधी आकाश रंगवतो आणि मग त्यावर इमारत बसवतो, त्यामुळे इमारतीचा रंग आकाशाच्या रंगावर चढलेला असतो. इथे उलटे आहे. हिरव्या आकाशाचा एक जाड फटकारा मठाच्या जांभळ्या कडेवर आलेला आहे आणि त्या फटकाऱ्याच्या चऱ्यांमध्ये खालची नाइफची कड अजून उमटून दिसते. म्हणजे मठ आधी अधिक रुंद होता. तो रंगवून वाळल्यानंतर चित्रकाराने आकाश पुन्हा हातात घेतले आणि त्याने मठ कापून अरुंद केला. मठाच्या पायथ्याशीही तसेच आहे. तिथे नारिंगीचा आडवा फटकारा ओल्या जांभळ्यावरून गेल्यामुळे दोन्ही रंग एकमेकांना मारून मातकट राखाडी झाले आहेत. विरोधी रंग मिसळले की असेच होते, आणि नीटनेटके काम करणारा चित्रकार तो डाग कापडाने पुसून टाकतो. याने तो ठेवला आहे. म्हणून मठाचा पाया पाण्यात ठाम उभा वाटत नाही, विरघळायला लागल्यासारखा वाटतो. आणि आणखी एक: मठाचे प्रतिबिंब कुठेच नाही. दूरचे पाणी इतके शांत, फटकारे इतके आडवे, तरी त्यात त्या काळ्याभोर आकृतीची छायासुद्धा पडलेली नाही. पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूखाली डोळे आपोआप प्रतिबिंब शोधतात. ते न सापडल्याने वस्तू त्या जागेपासून तुटल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात रंकाळा भरला की संध्यामठ पाण्याखाली जातो आणि पाणी उतरले की पुन्हा वर येतो, हे कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते. चित्रकाराने पाऊस दाखवलेला नाही, पाण्याची पातळी वाढलेली दाखवलेली नाही. पण आकाशाने एका बाजूने आणि पाण्याने खालून मठाची जागा कमी करत आणली आहे, आणि ती कमी केल्याच्या खुणा पुसलेल्या नाहीत. हातातून काही निसटत असताना माणसाला जे होते, त्याला आपण हुरहुर म्हणतो, आणि आपला शब्द मला योग्य वाटतो तो या कारणांसाठी. शब्द योग्य आहे, मात्र आपण तो कारणांशिवाय सांगितल्यामुळे मैत्रिणीला पटला नसावा.

चित्राबद्दल एक तक्रारही नोंदवतो. खालच्या डाव्या कोपऱ्यात रंग एकदम पातळ होतो, कॅनव्हासचा पांढरा पाया दिसतो आणि कोळशाच्या काही रेषा उघड्या राहिल्या आहेत. तिथे घाटाच्या पायऱ्या असाव्यात. काही चित्रकार अशी उघडी जागा चित्राला श्वास मिळावा म्हणून ठेवतात, पण इथे तिचा बाकीच्या कोणत्याही गोष्टीशी संवाद जुळत नाही. तो कोपरा मला कच्चा वाटतो, आणि त्यात खोल अर्थ शोधू नये असे माझे मत आहे. चांगल्या चित्रातही कच्च्या जागा असतात. प्रत्येक फटकाऱ्याला अर्थ देण्याचा मोह झाला की वाचन भरकटते.

दुसरा असाच मोह चित्रकाराच्या आयुष्यातून भाव काढण्याचा आहे, आणि त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे व्हॅन गॉगचे जुलै १८९० मधले गव्हाच्या शेतावरील कावळ्यांचे चित्र. गडद निळे आकाश, पिवळे शेत, तीन दिशांना जाणाऱ्या वाटा आणि काळे पक्षी. त्याच महिन्याच्या २९ तारखेला चित्रकाराचा मृत्यू झाला, म्हणून हे त्याचे शेवटचे चित्र आणि मृत्यूची चाहूल, अशी समजूत जगभर रूढ झाली. अभ्यासक आता झाडांच्या मुळांचे, अपुरे राहिलेले एक वेगळेच चित्र त्याचे शेवटचे काम मानतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वादळी आकाशाखालच्या विस्तीर्ण गव्हाच्या शेतांची चित्रे करत असताना त्याने आपला भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: या चित्रांत त्याला दुःख आणि पराकोटीचा एकटेपणा व्यक्त करायचा होता, आणि ग्रामीण भागात जे निरोगी आणि बळ देणारे आहे तेही ही चित्रे सांगतील. एकाच कॅनव्हासवर दोन परस्परविरोधी भाव राहू शकतात, आणि चरित्रातून आलेले वाचन त्यातला एकच ऐकते.

व्हॅन गॉगच्याच बाबतीत रंगाविषयी एक व्यावहारिक सावधगिरी सांगतो. १८८८ मध्ये रंगवलेल्या त्याच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंती फिकट जांभळ्या होत्या, असे त्याच्या पत्रातून कळते. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा रंग उजेडाने उडून गेला. गुलाबांचे त्याचे एक चित्र मुळात गुलाबी फुलांचे होते, ती फुले आज जवळजवळ पांढरी आहेत. त्या निळ्या भिंतींवरून चित्रकाराच्या मनःस्थितीचा अंदाज बांधणारा माणूस रंग उडाल्याचे वाचन करत असतो. आपल्याकडच्या जुन्या चित्रांवर तर पिवळे पडलेले व्हार्निश आणि उदबत्तीचा धूर यांचाही थर असतो. नव्या चित्रात ही अडचण नसते, पण फोटोची असते. मोबाइल दालनातल्या पिवळ्या दिव्यांची स्वतःच दुरुस्ती करतो आणि तसे करताना नारिंगी थोडा मारतो. आपण पाठवलेल्या फोटोत पाणी विटकरी दिसते. मूळ चित्रात ते तसे नाही. टोन पाहायला फोटो चालतो, रंगावर मत द्यायला चालत नाही.

जाड रंग आणि मोठे फटकारे म्हणजेच भावप्रधान चित्र, असाही समज आपल्या प्रश्नात थोडासा डोकावतो, म्हणून त्याबद्दल लिहितो. ज्या गावातल्या कोटितीर्थ तलावाजवळ चित्रकार आबालाल रहिमान राहिले, त्या गावात तरी हा समज टिकू नये. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापुरात परतलेल्या आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या आबालालांनी इथलीच तळी, इथलीच झाडी आणि इथलाच उजेड आयुष्यभर रंगवला. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांत आरडाओरडा नाही. बारीक बारीक स्पर्श शेजारी शेजारी ठेवत त्यांनी हवा रंगवली आणि भाव त्या हवेत आहे. त्यांच्या चित्रात झाडाची कड कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, हे बोटाने दाखवून पाहा. अनेक ठिकाणी ते दाखवता येणार नाही. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी तर पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रे केली, जिथे ब्रशचा फटकाराच नसतो, रंगाची पूड कागदावर चोळलेली असते. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात ती पाहायला मिळतात. ब्रशकाम नसलेल्या चित्रातही कडा किती मऊ आहेत, गडद कुठे दाटले आहे, कागद कुठे राखला आहे, या गोष्टींवर बोट ठेवता येतेच. आणि रंग भडक असावे लागतात असेही नाही. चित्रकार रामकुमार यांनी १९६० नंतर वाराणसीवर केलेल्या चित्रांत राखाडी, काळपट आणि मातकट रंगांत माणसांशिवायचे शहर उभे राहिले आहे आणि त्याचा भार नारिंगी रंकाळ्यापेक्षा कमी नाही.

रचनेबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या चित्रात ती सरळ आहे. क्षितिज वर ठेवल्यामुळे पाण्याला जागा मिळाली आणि आकाशाचा पट्टा दाबला गेला. क्षितिज खाली असते, तर हेच रंग मोकळे वाटले असते. हाताने वरचा भाग झाकून, मग खालचा झाकून पाहिले की हे लगेच लक्षात येते. तशाच रीतीने तळव्याने फक्त मठ झाकून पाहावा. उरलेले चित्र प्रसन्न, जवळजवळ सणासुदीचे दिसू लागते, आणि नारिंगी हा मुळात संतापाचा रंग नव्हता याची खात्री पटते.

चित्रकाराला विचारावे का, हा आपला शेवटचा प्रश्न. जरूर विचारावे, पण 'यातून तुम्हाला काय सांगायचे आहे' असे विचारू नये. या प्रश्नाला बहुतेक चित्रकार एक तर गप्प बसतात किंवा याआधी कुठेतरी दिलेले तयार उत्तर देतात, आणि ते ऐकल्यावर आपले स्वतःचे पाहणे थांबते. कामाविषयी विचारावे. पाणी आधी रंगवले की आकाश? मठ किती वेळा बदलला? त्याचे प्रतिबिंब कधी होते का, की सुरुवातीपासूनच नव्हते? पायथ्याचा तो मातकट डाग दिसला तेव्हा कापड हातात घेतले होते का? हे प्रश्न विचारले की चित्रकार खुलून बोलतात, कारण त्यांची उत्तरे त्यांना खरोखर आठवत असतात. प्रदर्शन उतरण्यापूर्वी मैत्रिणीला घेऊन पुन्हा एकदा जावे, दोघींनी आधी मठाची डावी कड जवळून पाहावी, आणि चित्रकार दालनात असतील तर प्रतिबिंबाचा प्रश्न तिला विचारू द्यावा. कदाचित ते सांगतील की प्रतिबिंब होते आणि त्यांनी ते नाइफने खरवडून काढले. तसे असेल, तर त्या खरवडण्यात तिच्या म्हणण्याला थोडी जागा आहे, आणि मग मलाही ते पाणी पुन्हा एकदा तिरप्या नजरेने पाहावे लागेल.